मुरगळलेला पाय बरा व्हायला इतके दिवस का लागतात?

"डॉक्टर, यापेक्षा हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं!" घोटा मुरगळून महिना-दीड महिना उलटलेले पेशंट हे वाक्य हमखास बोलून दाखवतात. बोलतात त्राग्याने, पण त्यात थोडे तथ्यही आहे. हाड मोडले की प्लास्टर येते, सुट्टी मिळते, घरचे पाण्याचा तांब्या हातात आणून देतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांत हाड हाडानेच जुळून येते. अस्थिबंध दुखावला तर यातले काहीच होत नाही. एक्स-रे चांगला येतो, 'फक्त लचक आहे' असे सांगितले जाते, आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते आणि घरच्यांच्या लेखी माणूस बरा होतो. तो मात्र लंगडत असतो. संध्याकाळी पाय चपलेत मावत नाही, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पण लोकांना दाखवायला हाताशी काही नसते. या 'फक्त लचक'विषयी आज थोडे सविस्तर पाहू.

नडगीची दोन हाडे खाली कमानीसारखी एकत्र येतात आणि त्या कमानीत पावलाचे एक हाड बसते. ही हाडे एकमेकांना धरून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध. लिगामेंट हा शब्द आता सर्वांच्याच तोंडी झाला आहे. घोट्याच्या आतल्या बाजूचा पट्टा रुंद आणि दणकट असतो. बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळे, त्या मानाने बारीक पट्टे असतात. शिवाय पाऊल आतल्या बाजूला सहज वळते. म्हणून रस्त्यातल्या खड्ड्यात किंवा जोतिबाच्या पायऱ्यांवर पाय वाकडा पडला की बहुधा बाहेरचाच पट्टा जातो, आणि त्यातही बाहेरच्या घोट्याच्या पुढचा सर्वांत आधी. आपल्याकडे याला 'शीर ताणली' किंवा 'नस चढली' म्हणतात. शिरेचा इथे संबंध नसतो, त्यामुळे ती 'उतरवण्याचा'ही प्रश्न येत नाही.

पट्टा नुसता ताणला असेल तर दोन-तीन आठवड्यांत माणूस कामाला लागतो. अर्धवट फाटला असेल तर दीड-दोन महिने जातात. पूर्ण तुटला असेल तर तीन महिने आणि त्याहून जास्त धरावेत. हे ढोबळ अंदाज आहेत. वय, वजन, मधुमेह, कामाचे स्वरूप यांप्रमाणे ते पुढे-मागे होतात.

बरे वाटते, तेव्हा पट्टा कच्चाच असतो

अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी असतो. दुखापतीनंतरचे पहिले काही दिवस सूज आणि साफसफाईचे. पुढचे सुमारे सहा आठवडे फाटलेल्या जागी नवे तंतू विणले जातात, पण घाईघाईने, अस्ताव्यस्त. ते तंतू ओळीत लागून घट्ट व्हायला त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षही लागते. गंमत अशी की सूज आणि ठणका पहिल्या टप्प्यातच कमी होतात. म्हणजे पेशंटला 'आता बरे वाटते' असे वाटू लागते, तेव्हा काम जेमतेम सुरू झालेले असते. घराचा स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी तो कडक दिसतो, म्हणून कोणी सेंट्रिंग काढत नाही. मात्र ही उपमा इथेच थांबते. स्लॅबवर वजन देऊन चालत नाही. पट्ट्याला ते हळूहळू द्यावेच लागते, कारण नवे तंतू ताणाच्या दिशेनेच रचले जातात. तीन-तीन महिने पाय उशीवर ठेवून बसलेल्यांचा घोटा म्हणूनच लाकडासारखा होतो.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. या पट्ट्यांमध्ये पाऊल कसे पडले याची खबर मेंदूला देणारे बारीक मज्जातंतू असतात. पट्टा फाटला की तेही दुखावतात. ब्रिटिश सर्जन फ्रीमन यांनी १९६५ साली सहकाऱ्यांबरोबर हे मांडले आणि अशा पेशंटना डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम दिला. 'पाय दुखत नाही, पण त्याच्यावर भरवसा वाटत नाही' ही तक्रार काल्पनिक नसते. खबर उशिरा पोहोचते, पाऊल सावरायला स्नायूंना वेळ मिळत नाही आणि पाय पुन्हा मुरगळतो. पहिल्या वेळी तोलाचा व्यायाम न केलेल्यांचाच पाय वर्षभरात दोन-तीनदा मुरगळलेला मी पाहतो.

हे केवळ सामान्यांच्याच वाट्याला येते असे नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता. हार्दिक पंड्याने आपल्याच गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवताना डावा घोटा दुखावून घेतला. तीनच चेंडू टाकून त्याला मैदान सोडावे लागले आणि ते षटक विराट कोहलीने पुरे केले. दुसऱ्या दिवशी क्रिकेट मंडळाने सांगितले की तो एक सामना चुकवून लखनौला संघाला येऊन मिळेल. प्रत्यक्षात ४ नोव्हेंबरला तो संपूर्ण स्पर्धेबाहेर गेल्याचे जाहीर झाले. तो पुन्हा सामन्यात दिसला तो फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, आपल्या कोल्हापूरच्या डी. वाय. पाटलांच्या नावाने नवी मुंबईत होणाऱ्या स्पर्धेत. चार महिन्यांहून अधिक काळ गेला. दिमतीला डॉक्टर, फिजिओ, यंत्रे सारे असताना! मग आठ तास उभे राहून काम करणाऱ्या माणसाने तीन आठवड्यांत बरे झालेच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

उद्यमनगरातला कामगार

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारा चाळिशीचा माणूस. पावसाळ्यात रात्रपाळीहून परतताना पाय खड्ड्यात गेला, पट्टा अर्धवट फाटला. तीन आठवड्यांनी कामावर गेला आणि चौथ्या दिवशी घोटा टम्म सुजला. नवव्या आठवड्यात त्याचा प्रश्न पायाबद्दल नव्हता. "मालक दुसरा माणूस बघतोय म्हणतात. मी असाच लंगडा राहणार का, एवढंच सांगा," असे तो म्हणाला. झोप उडाली होती, भूक मेली होती. घरी बायको बोलत नव्हती, पण वडील म्हणत होते, 'आमच्या काळात मुरगळलेल्या पायानं ऊस तोडला.'

तपासल्यावर दिसले की घोटा अडलेला नव्हता, संथपणे सुधारत होता. त्याला ते दिसत नव्हते, कारण तो रोज सकाळी उठून 'आज दुखते का' एवढेच पाहत होता. असे पाहणाऱ्याला सुधारणा कधीच दिसत नाही. त्याला एक वही घालायला सांगितले. दर रविवारी तीनच नोंदी: न लंगडता किती मिनिटे चालता आले, दुखऱ्या पायावर किती सेकंद उभे राहता आले आणि संध्याकाळची सूज सकाळपर्यंत उतरली का. चार रविवारांत चालणे बारा मिनिटांवरून अर्ध्या तासावर गेले. एका पायावर उभे राहणे चार सेकंदांवरून वीसवर. दुखणे होतेच, पण माणसाची झोप परत आली. मालकासाठी चिठ्ठी दिली, तीही 'विश्रांती द्यावी' अशी नाही, तर 'महिनाभर स्टुलावर बसून करता येईल असे काम द्यावे' अशी. अशी चिठ्ठी आपल्या डॉक्टरांकडे जरूर मागावी. पूर्ण सुट्टीपेक्षा अर्धे काम बऱ्याचदा मान्य होते आणि घोट्यालाही ते मानवते.

अशा काळात घरच्यांचा वाटा मोठा असतो. विशेषतः बायकांच्या बाबतीत. सुनेचा पाय प्लास्टरमध्ये नसेल तर तिसऱ्या आठवड्यापासून ती 'नाटक करते' असे बोलले जाते. पुढे येतात ते सणवार, धुणे, पाहुणे. पायाची सूज संध्याकाळी वाढणे हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत नेहमीचे आहे. त्यात ढोंग नाही आणि घाबरण्यासारखेही नाही. ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवले तर निम्मा प्रश्न सुटतो.

घरी काय करावे

पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक, तेल आणि चोळणे ही तिन्ही टाळावीत. आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. आंबेहळदीचा लेप लावला तर बिघडत नाही, पण तो रगडून लावू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावला तर दुखणे कमी होते. पट्टा त्याने लवकर जुळत नाही. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळावे, झोपताना सोडावे. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सैल करावे. झोपताना पाय दोन उशांवर घ्यावा. मोठ्या दुखापतीत दहा दिवसांचे प्लास्टर उपयोगी पडते असे ब्रिटनमधल्या २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. तीन महिन्यांनी अशा पेशंटची प्रगती नुसते बँडेज बांधलेल्यांपेक्षा चांगली होती. नऊ महिन्यांनी मात्र सगळे सारख्याच पायरीवर होते.

ठणका ओसरला की पाय हलवायला सुरुवात करावी. अंगठ्याने हवेत बाराखडी काढणे हा उत्तम व्यायाम. 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत, सकाळ-संध्याकाळ. मग सायकलची जुनी ट्यूब पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढावे. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलाव्यात, पुढे एकच. दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहावे, आधी भिंतीला हात लावून, मग न लावता. जमू लागले की डोळे मिटून, पण तेव्हा जवळ आधार असावा. व्यायामानंतर थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे किंवा सूज आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर तेवढा व्यायाम जास्त झाला, तो निम्म्यावर आणावा. बंद करू नये.

आपल्याकडची खरी परीक्षा उकिडवे बसण्याची. त्यासाठी घोटा पुढे बराच वाकावा लागतो आणि हीच हालचाल सर्वांत उशिरा परत येते. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहावा. चांगल्या पायाचे अंतर आणि दुखऱ्याचे अंतर पट्टीने मोजावे. हे अंतर सारखे होईपर्यंत कमोड वापरायला मिळाला तर बरे.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल एवढेच सांगतो: उपाशीपोटी नकोत, महिनोन्‌महिने नकोत आणि रक्तदाब, मूत्रपिंड किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातून परस्पर घेऊ नयेत. तंबाखू आणि मिश्री यांनी जखम भरणे लांबते. आहारात डाळी, अंडी, दूध हवे. पायाचे सूप किंवा पांढरा रस्सा प्यायल्याने पट्टा जुळतो हा समज गोड आहे, पण रस्सा आवडतो म्हणून प्यावा.

केव्हा थांबू नये

वर सांगितलेला धीर सर्वांनाच लागू नाही. दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर बोट दाबल्यास कळ येत असेल तर एक्स-रे हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेचे मधले उंच हाड आणि आतल्या कमानीचे हाड यांनाही हाच नियम. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये घालून दिलेली ही कसोटी आजही जगभर वापरतात. पावलाच्या मध्यभागी सूज आणि तळव्यावर काळानिळा डाग असेल तर ती साधी लचक समजू नये. तिथल्या सांध्याला फ्रेंच सर्जन लिसफ्रांक यांचे नाव आहे. तिथला अस्थिबंध तुटलेला झोपून काढलेल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, उभे राहून काढावा लागतो. ही दुखापत हुकली तर पाऊल कायमचे अधू होऊ शकते.

पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवावे, आणि सोबत धाप लागली तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. मधुमेही माणसाचे पाऊल लाल, गरम, सुजलेले आहे आणि दुखत मात्र फारसे नाही, अशा वेळी त्यावर चालणे थांबवून लगेच तपासणी करावी. साधा स्पर्शही सहन न होणे, कातडीचा रंग बदलणे, पाय एकदा गार एकदा गरम लागणे हेही वेगळ्या आजाराचे लक्षण आहे. आणि सहा ते आठ आठवडे व्यायाम करूनही वहीतल्या नोंदी जागच्या जागी असतील, सांधा मध्येच अडकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. एमआरआयची वेळ तेव्हा येते. पहिल्या आठवड्यात हट्टाने काढलेल्या एमआरआयने बहुतेकांचे उपचार बदलत नाहीत, खिसा तेवढा हलका होतो.

राहता राहिला खेळ. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की मुरगळलेला घोटा पट्टीने आवळून, गोळी खाऊन पोरगा उतरतो. तालमीचा मान असतो, कोणी अडवत नाही. वस्तादांनी आणि संघ चालवणाऱ्यांनी निदान एवढे बघावे: पोरगा दुखऱ्या पायावर एकट्याने दहा वेळा उडी मारतो का, न अडखळता आठाच्या आकड्यात पळतो का, पळता पळता दिशा बदलतो का. तीनही जमले तर पुढचे सहा महिने तरी दोरीचा पट्टा घोट्याला बांधून खेळू द्यावे. जुलैतल्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला जाऊ का, असे विचारणाऱ्यांनाही माझे उत्तर तेच. चिखलातली उतरण समोर आहे असे धरून आधी महिनाभर दर रविवारी रंकाळ्याची पूर्ण फेरी करून पाहा, आणि सोमवारी सकाळी घोटा कसा आहे ते मला येऊन सांगा.