भिंत उजळायची ना, मग आधी हे ऐक

चिंगे, तुझ्या गेमिंगच्या खोलीत एलईडी पट्टीचे दिवे लावायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. आईला वाटतंय तू घराचा ऑर्केस्ट्रा बार करणार, आणि बाबांना दिसतंय महावितरणचं बिल. दोघांची समजूत मी काढते. पण त्या बदल्यात माझं एवढं ऐक: जे दिसतं त्यावर पैसे कमी घाल, जे दिसत नाही त्यावर जास्त.

तू पाठवलेले फोटो पाहिले. सगळ्या कोरड्या, गुळगुळीत भिंती. आपलं घर सारसोळे गावात, पाम बीच रस्त्यापलीकडे जेट्टी आणि खाडी. ती खारी हवा तुझ्या खिडकीतून आत येते. पावसाळ्यात त्या बाहेरच्या भिंतीला ओल धरते आणि डिस्टेंपरचे पापुद्रे सुटतात, हे तुला वेगळं सांगायला नको. पट्टीमागची टेप कितीही भारी असली तरी ती रंगाला चिकटते, भिंतीला नाही. रंग सुटला की पट्टीही खाली. म्हणून ओलीची भिंत सोड, आतल्या बाजूची निवड.

त्या भिंतीवरही पट्टी थेट चिकटवू नकोस. ॲल्युमिनियमचं चॅनल घे, वर दुधी झाकण असतं ते. ड्रिल मारून, प्लग ठोकून स्क्रूने बसव आणि पट्टी आत सरकव. पट्टीची उष्णता ॲल्युमिनियम ओढून घेतं, दिव्यांचे ठिपके दिसत नाहीत, आणि उद्या पट्टी गेली तर भिंत न खरवडता दुसरी घालता येते. पट्टी सिलिकॉनचा थर असलेली, आयपी 65 ची घे. जिथे कापशील ते टोक सिलिकॉन लावून बंद कर, नाहीतर उघड्या तांब्यावर हिरवट गंज चढायला वेळ लागत नाही. आणि कापायचं ते फक्त कात्रीच्या खुणेवर. बारा व्होल्टच्या साध्या पट्टीत ही खूण बहुधा दर तीन दिव्यांनंतर असते. अधेमधे कापलंस तर तेवढा तुकडा मेला.

आता अडॅप्टर. सगळे इथेच काटकसर करतात. मीटरला साठ दिव्यांची नेहमीची रंगीत पट्टी पूर्ण उजेडात मीटरमागे 14.4 वॅट घेते. पाच मीटरच्या रिळाचे झाले 72 वॅट, म्हणजे बारा व्होल्टला सहा अँपिअर. दुकानदार सहाचाच देईल. तू आठचा घे, दहाचा मिळाला तर उत्तम. सतत काठावर चालणारा अडॅप्टर तापतो आणि लवकर जातो. घेताना बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना ते बघ. लावताना गादीमागे किंवा पडद्याआड कोंबू नकोस, त्याला हवा लागते. बाबांना हेही सांग की रोज चार तास पूर्ण उजेडात लावलं तरी महिन्याला साधारण साडेआठ युनिट होतात. रंगात आणि मंद ठेवलंस तर त्याहून कमी.

पट्टी लावून झाली की पांढरा रंग करून दोन्ही टोकं बघ. अडॅप्टरकडचं टोक शुभ्र आणि लांबचं तांबूस दिसलं, तर पट्टी खराब म्हणून परत करायला धावू नकोस. लांब जाता जाता व्होल्टेज पडतं. निळ्या-हिरव्या दिव्याला लाल दिव्यापेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून आधी ते मंदावतात. दुसऱ्या टोकालाही अडॅप्टरपासून वायर ने, फरक जाईल.

प्रत्येक दिवा वेगळ्या रंगाचा धावणारी पट्टी हवी असेल तर तिची तऱ्हा निराळी. ती बऱ्याचदा पाच व्होल्टची असते आणि पूर्ण पांढऱ्यात एकेक दिवा साठ मिलिअँपिअरपर्यंत खातो. तीनशे दिव्यांचे अठरा अँपिअर झाले, तेव्हा कॉम्प्युटरच्या यूएसबीवर ती चालवायचं मनातही आणू नकोस. पट्टीवर बारीक बाण छापलेला असतो. कंट्रोलर बाणाच्या शेपटीकडे जोडायचा. उलटा जोडलास तर दिवे हुकमात राहणार नाहीत.

जागेचं म्हणशील तर दिवा कधीच डोळ्यांसमोर नको. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून लाव, म्हणजे तुला उजेड दिसेल, दिवा नाही. तिथे 6500 केल्विनचा पांढरा ठेव, अंधारात पडद्याकडे बघताना डोळे कमी शिणतात. स्क्रीनसमोरच्या, म्हणजे तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर पट्टी लावलीस तर तिचं प्रतिबिंब पडद्यावर नाचत राहील. खोक्यावर 1 कोटी 67 लाख रंग लिहिलेले असतात. तीन रंगांच्या प्रत्येकी 256 पायऱ्यांचा तो गुणाकार आहे, बाकी जादू काही नाही. महिन्याभरात तू दोन-तीन रंगांवर येशील. रात्री दहानंतर निळा बंद, मंद केशरी ठेव. बारावीचं वर्ष आहे, झोप मोडून चालणार नाही. आणि खिडकीचा पडदा ओढत जा. गावठाणात घरं इतकी लगटून आहेत की तुझ्या भिंतीवर लाल-निळं नाचलं तर समोरच्या काकूंच्या ओट्यावरही नाचणार.

खरेदीला हार्बरने सीएसएमटी गाठ आणि लोहार चाळीत जा. चॅनल, पट्टी, अडॅप्टर एकाच फेरीत होईल आणि दुकानातच पट्टी पेटवून बघता येईल. पण बोर्डाला हात लावायचा नाही. बारा व्होल्टची बाजू तुझी, 230 ची वायरमनची. त्याच्याकडून अर्थिंग तपासून घे, बोर्डात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर ती बसवून घे आणि कॉम्प्युटरला वेगळा सोळा अँपिअरचा पॉइंट काढून घे. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडायचं नाही.

बजेट कमी पडलं तर पाच मीटरऐवजी तीन मीटर लाव, पण वायरमनची मजुरी कापू नकोस. ती मी देते. आईला मात्र सांग, तू साठवलेल्या पैशांतून दिली म्हणून.