हार्ड डिस्कचा वेग कसा मोजावा?



हार्ड डिस्कच्या खोक्यावर 'साटा, ६ गिगाबिट' असे छापलेले असते. म्हणजे सेकंदाला सुमारे ६०० एमबी. पण हा वेग डिस्कचा नसून तिला संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाचा आहे. डिस्कचा खरा वेग आपण स्वतः हिशेब करून काढू या.

मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. हेड सरकायला साधारण ९ मिलिसेकंद. एकूण १३. म्हणून विखुरलेल्या जागी डिस्क सेकंदाला सुमारे ७५ वेळाच पोहोचू शकते. प्रत्येक वेळी ४ केबी वाचले तर झाले ३०० केबी! तीच डिस्क सलग वाचताना मात्र सेकंदाला १५० एमबी सहज देते.

आता आपल्या ग्वाल्हेरचेच उदाहरण घेऊ. पं. कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांच्या गायनाचे एक तासाचे ध्वनिमुद्रण सीडीच्या दर्जाने साठवले, तर सुमारे ६३५ एमबी होते. सलग असेल तर ते चार-पाच सेकंदांत वाचून होईल. तेवढाच मजकूर ४ केबीच्या विखुरलेल्या तुकड्यांत असेल तर सुमारे ३५ मिनिटे लागतील. डिस्क तीच, काम वेगळे. म्हणून 'वेगवान' म्हणताना 'कोणत्या कामासाठी?' हे आधी विचारावे.

कंट्रोलर

टाकी कितीही मोठी असो, नळ अर्ध्या इंचाचा असला तर बादली सावकाशच भरणार. जुन्या संगणकातील पीसीआय मार्ग सेकंदाला जास्तीत जास्त १३३ एमबी नेतो आणि तोही सर्व कार्डांत वाटून. अशा कार्डावर वरच्यासारख्या चार डिस्क लावल्या तरी ६०० एमबी मिळणार नाहीत. यूएसबी २.० वर तीच डिस्क प्रत्यक्षात ३०-४० एमबीवर येते. तेव्हा दोन डिस्कची तुलना करायची तर कंट्रोलर एकच ठेवावा. कंट्रोलरची तुलना करायची तर डिस्क तीच ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू आहे.

रेड

अनेक डिस्क मिळून एक करण्याच्या पद्धतींना 'रेड' हे नाव १९८७ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी दिले. याची गरज कुठे पडते? पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचे दोन संकेत. मूळ ३२ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला ६.४ कोटी नमुने घ्यावे लागतात. नमुन्याला एक बाइट धरला तर सेकंदाला ३,८४० एमबी! सगळे जसेच्या तसे लिहायचे तर आपल्या डिस्क निदान २६ लागतील.

आता १ टीबीच्या चार डिस्क घेऊ.

रेड ०: मजकूर चारींत वाटला जातो. जागा ४ टीबी, सलग वेग ६०० एमबीपर्यंत. पण एक डिस्क गेली की सगळेच गेले.

रेड १०: दोन-दोनच्या जोड्या, जोडीत दोन्हीकडे तेच. जागा २ टीबी. लहान लेखने सेकंदाला सुमारे १५०.

रेड ५: जागा ३ टीबी, बाकी जागेत ताळा. समजा तीन डिस्कवर १, ०, १ आहे. एकांची संख्या सम व्हावी म्हणून ताळा ०. कोणतीही एक डिस्क बिघडली तरी उरलेल्यांवरून तिचा अंक काढता येतो. मात्र एका लहान लेखनासाठी जुना मजकूर वाचणे, जुना ताळा वाचणे, नवे दोन्ही लिहिणे अशी चार कामे होतात. म्हणून ३०० ऐवजी ७५ लेखनेच होतात.

काही कंट्रोलर मजकूर आधी आपल्या कॅशमध्ये ठेवतात आणि 'लिहिले' असे लगेच कळवतात. वेग खूप वाढतो. पण कॅशला बॅटरी नसेल आणि त्याच क्षणी वीज गेली, तर तो मजकूर हरवतो. बॅटरी नसल्यास ही सोय बंद ठेवावी.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल जोडीतल्या दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते. आपल्या घरांत आजोबांच्या टेप आहेत, मोडीतले कागद आहेत. ते संगणकात घातले असतील तर एक प्रत वेगळ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवा. वेग कमी पडला तर वाट पाहता येते. गेलेला आवाज परत आणता येत नाही.

स्वाध्याय

१. २ टीबीच्या सहा डिस्कचा रेड ५ केला, तर वापरता येणारी जागा किती?
२. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा अर्धा फेरा किती मिलिसेकंदांचा?