सीडीवरील फाइल उघडत नाही तेव्हा : लिनक्सवरील दोषनिदान

रुग्णाचे जुने सी. टी. स्कॅन नव्याशी ताडून पाहावयाचे असते, तेव्हा अनेकदा आपला आधार एखादी सीडी असते. नेमकी हवी ती प्रतिमा उघडली नाही, तर गाठ वाढली की नाही हे ठरविण्याचे साधनच हातचे जाते. म्हणून लिनक्सवर अशा सीडीची प्रत करताना उद्भवणाऱ्या दोषांचा येथे क्रमाने विचार करू.

१. मूळ फाइल. फाइल हार्ड डिस्कवरूनच उघडत नसेल, तर सीडीला बोल लावण्यात अर्थ नाही. ती वाचण्याची परवानगी आपल्या खात्यास आहे ना, हेही आधी पाहावे.

२. नावे. डेटा सीडीची मूळ मांडणी १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकानुसार होते. त्याच्या पहिल्या पातळीत नावास आठ आणि विस्तारास तीन अक्षरे मिळतात. तीही केवळ मोठी रोमन अक्षरे, अंक व अधोरेखा. साहजिकच लांब किंवा देवनागरी नावे तुटतात अथवा बदलतात. यावर दोन पूरक योजना आहेत : लिनक्ससाठी ‘रॉक रिज’ आणि विंडोजसाठी ‘ज्योलिएट’. ‘के३बी’ या प्रणालीत दोन्ही पर्याय निवडावेत. ज्योलिएटमध्ये नाव ६४ अक्षरांपर्यंतच ठेवावे. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटीही त्यात स्वतंत्रपणे मोजल्या जातात.

३. डायकॉम सूची. क्ष-किरण विभागाच्या सीडीत ‘डायकॉमडीआयआर’ नावाची सूची असते. प्रत्येक प्रतिमेचे नाव व स्थान तीत मोठ्या अक्षरांत नोंदलेले असते. वरील पूरक योजना नसलेली सीडी लिनक्स सामान्यतः लहान अक्षरांत दाखवते. असे फोल्डर उतरवून घेतले की सूचीतील नाव आणि फाइलचे नाव यांत फरक पडतो, आणि लिनक्स लहान-मोठ्या अक्षरांत भेद मानत असल्यामुळे प्रतिमा ‘सापडत नाही’. यास्तव फाइली सुट्या उतरवू नयेत व त्यांची नावे बदलू नयेत. संपूर्ण सीडीची आयएसओ प्रतिमा घेऊन तीच नव्या सीडीवर लिहावी.

४. तबकडी. ७०० एमबीच्या सीडीत ३,६०,००० खंड असतात व प्रत्येक खंडात २०४८ बाइट मावतात. संच याहून मोठा असल्यास तो विभागावा. वाचनदोष वारंवार आल्यास पृष्ठभाग मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे पुसावा, दुसरा ड्राइव्ह वापरून पाहावा आणि लेखनाचा वेग कमी करावा. मात्र दोष अगदी शेवटच्या खंडांपाशीच येत असेल, तर घाबरू नये. ‘ट्रॅक ॲट वन्स’ पद्धतीत माहितीनंतर न वाचता येणारे खंड उरतात, त्यामुळे फाइली शाबूत असूनही संगणक तक्रार करतो. ‘डिस्क ॲट वन्स’ पद्धत निवडल्यास हा प्रश्न टळतो.

५. पडताळणी. ‘लेखन पूर्ण झाले’ हा संदेश म्हणजे प्रत अचूक असल्याचा दाखला नव्हे. के३बीतील पडताळणीचा पर्याय नेहमी चालू ठेवावा. त्यानंतर दुसऱ्या संगणकावर सूची उघडून पहिली, मधली व शेवटची प्रतिमा पाहावी.

सीडीवरील रंगद्रव्य कालांतराने क्षीण होते. तेव्हा आयएसओ प्रतिमेची एक प्रत हार्ड डिस्कवरही जपावी. आणि निकामी सीडी टाकून देण्यापूर्वी तिचे तुकडे करावेत, कारण तिच्यावर रुग्णाचे नाव असते.