स्वस्त बोली, महाग सौदा

प्रस्तावना

मोबाइलच्या पडद्यावर वस्तू पाहावी, पैसे भरावेत आणि ती दारात यावी, हा व्यवहार आता सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र पडद्यावर दिसणारी किंमत हीच खरी किंमत असते असे नाही. 'पेनी लिलाव' हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा पाठ वाचल्यावर तुम्ही अशा लिलावाची पद्धत सांगू शकाल आणि त्यातील नफा-तोट्याचा हिशेब मांडू शकाल.

पाठ

समजा, रायपूरच्या समता कॉलोनीत राहणाऱ्या एका तरुणाने एका संकेतस्थळावर १०,००० रुपयांच्या मोबाइलचा लिलाव पाहिला. बोली लावण्यासाठी आधी बोल्या विकत घ्याव्या लागत. एका बोलीचे १० रुपये. प्रत्येक बोलीने मोबाइलची किंमत केवळ १ रुपयाने वाढे आणि घड्याळात काही सेकंदांची भर पडे. वेळ संपताना ज्याची बोली शेवटची, वस्तू त्याची.

तरुणाने १०० बोल्या घेतल्या. तीन सेकंद उरले की तो बोली लावी. लगेच दुसरा कोणी लावी. बोल्या संपल्या. 'आता सोडले तर हजार रुपये बुडाले,' या विचाराने त्याने आणखी १०० घेतल्या. त्याही संपल्या आणि मोबाइल १,५०० रुपयांत दुसऱ्यालाच मिळाला.

हे ऐकून आत्याने विचारले, "अरे, हरणाऱ्याचे पैसे परत मिळतात ना?"

तो गप्प राहिला. आत्या म्हणाली, "मंडीत बोली लावायला कोणी पैसे मागत नाही. माल दुसऱ्याला गेला, तरी आपला खिसा शाबूत राहतो."

मग त्याने कागदावर हिशेब मांडला. किंमत १,५०० रुपयांवर पोहोचली, म्हणजे १,५०० बोल्या लागल्या. त्यांचे १५,००० आणि विजेत्याने भरलेले १,५००, असे विक्रेत्याला १६,५०० रुपये मिळाले. विजेत्याने ३०० बोल्या लावल्या असतील, तर त्याला मोबाइल ४,५०० रुपयांना पडला. उरलेले १२,००० रुपये हरलेल्यांनी भरले. त्यांत २,००० या तरुणाचे होते.

हे उदाहरण कल्पित असले, तरी पद्धत खरी आहे. जर्मनीत २००५ साली सुरू झालेल्या आणि पुढे 'स्वूपो' या नावाने अनेक देशांत पसरलेल्या संकेतस्थळाने ती लोकप्रिय केली. २०११ मध्ये ते बंद पडले. पण इतरांनी तीच पद्धत उचलली. नेड ऑगेनब्लिक या अर्थतज्ज्ञाने अशा असंख्य लिलावांचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विक्रेत्याचा नफा सरासरी ५० टक्क्यांहून अधिक असल्याचे त्यांत दिसले. बुडालेला पैसा वसूल करण्याच्या हट्टाने माणूस खेळत राहतो, हे त्याचे एक कारण. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो असा.

मग असे लिलाव उपयोगाचे आहेत का? एखाद्याला वस्तू स्वस्त मिळते, हे खरे. पण तिची किंमत इतरांनी चुकवलेली असते. शिवाय समोरचा बोली लावणारा माणूस आहे की विक्रेत्याचे यंत्र, हे आपल्याला दिसत नाही. काही संकेतस्थळे हरलेल्याला बोल्यांचे पैसे वजा करून वस्तू विकत घेऊ देतात. तेथेही मूळ किंमत दुकानापेक्षा अधिक आहे का, हे तपासावे. म्हणून गरजेची वस्तू घेण्याचा हा मार्ग नव्हे. फसवणूक झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा सायबर गुन्ह्यांसाठी १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. पण सर्वांत मोठे संरक्षण आत्याच्या साध्या प्रश्नातच आहे.

शब्दार्थ

शाबूत – सुरक्षित, न मोडलेले
कल्पित – मनाने रचलेले
वसूल करणे – परत मिळवणे

स्वाध्याय

१. मंडीतील लिलाव आणि पेनी लिलाव यांतील मुख्य फरक सांगा.
२. तरुणाने दुसऱ्यांदा बोल्या का विकत घेतल्या?
३. मोबाइल ९०० रुपयांत विकला गेला असता, तर विक्रेत्याला एकूण किती रुपये मिळाले असते? त्याला नफा झाला असता की तोटा?
४. 'बुडत्याचा पाय खोलात' ही म्हण तुमच्या अनुभवातील एखाद्या प्रसंगाला लावून पाच-सहा वाक्ये लिहा.