फीड बदलला, तरी गिट म्हणतं काहीच बदललं नाही

प्रश्न : चाकणजवळ निघोज्याला आमचं व्हीएमसी मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. सगळे प्रोग्रॅम ऑफिसातल्या विंडोज पीसीवर गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. परवा एका स्क्रिप्टने बऱ्याच प्रोग्रॅममधला फीड १२० चा १५० केला. नोटपॅडमध्ये १५० दिसतं, पण ‘गिट स्टेटस’ बदल नाही म्हणतं. मशीनला पाठवायची यादी तारखेनुसार लागते, म्हणून स्क्रिप्ट शेवटी फायलींना जुनी तारीख-वेळ परत लावते. गिट असं कसं फसतं? आणि अशी चूक खरंच दुरुस्त झाली, हे बनवणारे तपासतात कसं?
— एक वाचक, निघोजे

उत्तर : जुनी वेळ परत लावणारी ओळ, हेच कारण. ‘स्टेटस’ विचारल्यावर गिट प्रत्येक फाइल उघडून वाचत बसत नाही. हजारो फायली असतील तर ते परवडत नाही. ‘इंडेक्स’ नावाच्या फायलीत त्याने आकार, शेवटच्या बदलाची वेळ वगैरे टिपून ठेवलेलं असतं. ते डिस्कशी जुळलं की मजकूर न वाचताच ‘बदल नाही’. १२० काय, १५० काय, तीनच आकडे, म्हणून आकार तोच. वेळ स्क्रिप्टने जुनी केली. लिनक्सवर ‘सीटाइम’ ही आणखी एक वेळ असते. ती कर्नल स्वतः लिहितं आणि स्क्रिप्टला मागे नेता येत नाही, त्यामुळे तिथे गिटला सुगावा लागला असता. विंडोजवर त्या रकान्यात फाइल तयार झाल्याची वेळ येते, आणि आहे त्याच फायलीत बदल केला की ती हलत नाही.

याकडे दुर्लक्ष करू नका. अशी फाइल ‘गिट ॲड’नेही उचलली जात नाही. उद्या ‘पुल’ केल्यावर त्याच फाइलची दुसरी आवृत्ती आली, तर गिट तुमचा १५० काही न विचारता पुसून टाकेल, कारण त्याच्या लेखी तुम्ही काही बदललेलंच नाही. स्क्रिप्टमधली ती ओळ काढा, यादी प्रोग्रॅम नंबरनुसार लावा. अडकलेल्या फायली नोटपॅडमधून पुन्हा सेव्ह केल्या की नवी वेळ लागते आणि गिटला त्या दिसू लागतात.

वेळेशी कुणी खेळलं नाही तरी हा दोष संभवतो, आणि गिट बनवणाऱ्यांना तो सुरुवातीलाच भेटला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. फाइल इंडेक्समध्ये नोंदवली आणि त्याच सेकंदात तेवढ्याच लांबीचा दुसरा मजकूर तिच्यात लिहिला, तर वेळ तीच, आकारही तोच. त्यावर नियम असा ठरला : नोंदीतली वेळ इंडेक्सच्या वेळेइतकी किंवा तिच्या पुढची असेल, तर नोंदीवर विसंबायचं नाही, मजकूर वाचायचा. एवढ्याने भागत नाही. थोड्या वेळाने दुसरी फाइल ॲड केली की इंडेक्स नव्याने लिहिला जातो, त्याची वेळ पुढे सरकते आणि मघाची संशयास्पद नोंद आता निर्दोष दिसते. म्हणून इंडेक्स लिहितानाच गिट अशा नोंदी तपासतं आणि मजकूर बदललेला निघाला तर आकाराच्या जागी शून्य लिहितं. मग ती नोंद डिस्कशी जुळत नाही. मला या दुरुस्तीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

तिची चाचणीही गिटच्या सोर्समध्येच आहे. एका फायलीत ‘फ्रॉट्झ’ लिहून ती ॲड करतात आणि लगेच तिच्यात ‘झिझी’ लिहितात. जुन्या संगणक-खेळांतले हे जादूचे शब्द रोमन लिपीत दोन्ही पाच अक्षरांचे, म्हणून आकार सारखा. बदल दिसतो का, ते विचारतात. मग ० ते ४ सेकंद थांबून दुसरी फाइल ॲड करतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात. शून्याची युक्ती चालते की नाही, ते या दुसऱ्या प्रश्नालाच कळतं.

२००५ मध्येच सुरू झालेल्या मर्क्युरियल या गिटसारख्याच सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली. त्याच्या चाचण्यांत ‘आत्ता किती वाजले’ याचं खोटं उत्तर देणारं छोटं एक्स्टेन्शन आहे. मला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते. सेकंद गाठण्याच्या आशेवर बसलेली चाचणी लोड असलेल्या सर्व्हरवर कधी दोष पकडते, कधी नुसतीच पास होते. वेळ आपणच ठरवली की दोष हवा तेव्हा उभा करता येतो. मर्क्युरियल स्वतःच्या काही फायलींबाबत आणखी एक काळजी घेतं : नवी फाइल वेळेने जुनीसारखीच दिसत असेल, तर तिची वेळ मुद्दाम एक सेकंद पुढे ढकलतं.

तुम्हालाही हे करता येईल. वेगळ्या फोल्डरमध्ये फीड १२० असलेला एक प्रोग्रॅम कमिट करा, आधी जुनी स्क्रिप्ट चालवा आणि ‘स्टेटस’ गप्प बसतं ते बघा. ते गप्प बसलं नाही, तर तुमची चाचणी मूळ दोषापर्यंत पोहोचलेलीच नाही. मग फीड पुन्हा १२० करून सुधारलेली स्क्रिप्ट चालवा. आता फाइलचं नाव ‘स्टेटस’च्या यादीत यायलाच हवं. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून मशीनला जात असतील, तर तिथेही हीच चाचणी करा. पेन ड्राइव्ह फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते, म्हणून लागोपाठचे दोन बदल वेळेवरून वेगळे ओळखू येतीलच असं नाही.