पेन्शन आणि काम : मानसिक आजारी व्यक्तींच्या रोजगाराविषयी एक टिपण

स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता, किंवा तशाच तीव्र स्वरूपाचा दुसरा मानसिक आजार झालेल्या माणसाने नोकरी करावी काय, असे विचारले की आपल्याकडे बहुतेक जण "आधी पूर्ण बरा होऊ द्या, मग बघू" असे उत्तर देतात. त्याच माणसाला सरकारकडून काही पेन्शन मिळत असेल किंवा पुढे मिळायचे असेल, तर उत्तर आणखी सावध होते. "चाललंय ते बरं आहे, कशाला हात लावता?" हे दुसरे उत्तर मी स्वतः एका बाईंना दिले आहे. या लेखाचे कारणही तेच आहे.

मी बँकेत कारकून आहे. २०१३ साली पेन्शनच्या काउंटरवर होतो. टपाल खात्यातील दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नी दरमहा येत. त्यांचा मुलगा तेव्हा तिशीचा, दहा वर्षांपासून आजारी, गोळ्या नियमित. ओळखीच्या एका झेरॉक्सच्या दुकानदाराने त्याला दुपारचे चार तास बसायला बोलावले होते, महिना दोन हजार रुपये देणार होता. बाईंनी विचारले, "भाऊ, माझ्या पाठीमागं याला बापाचं पेन्शन मिळणार आहे ना? आत्ता यानं काम केलं तर ते जाईल का?" मी म्हणालो, "ताई, कमावता दाखवू नका. कशाला विषाची परीक्षा घ्यायची?" त्यांनी मुलाला पाठवले नाही. नियम काय आहे हे मी त्या दिवशी उघडून पाहिले नव्हते. पुढे पाहिला, तो कसा होता ते शेवटी सांगतो.

हा पेच आपल्याच वाट्याला आला आहे असे नाही. त्याचा सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला असल्यामुळे तिकडची माहिती आधी देतो. समाजकार्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल.

अमेरिकेत अपंगत्वाचे दोन प्रकारचे पेन्शन आहे. ज्याने पूर्वी नोकरी करून सामाजिक सुरक्षा कर भरला आहे, त्याला मिळते ते अपंगत्व विमा पेन्शन. ते १९५६ च्या कायद्याने सुरू झाले. ज्याच्याजवळ नोकरीचा पुरेसा पूर्वेतिहास नाही आणि उत्पन्नही नाही, त्याच्यासाठी पूरक उत्पन्न योजना आहे. तिचा कायदा १९७२ चा, अंमलबजावणी जानेवारी १९७४ पासून. याच काळात तिकडची मोठमोठी मनोरुग्णालये रिकामी होत होती आणि रुग्ण गावात, घरी, वसतिगृहात राहायला येत होते. त्यांच्यापैकी अनेकांच्या चरितार्थाचा आधार म्हणजे हे पेन्शन. पण ते मिळवताना "मी काम करू शकत नाही" हे सिद्ध करावे लागते. एकदा हे सरकारदरबारी सिद्ध केलेल्या माणसाने नंतर कामाला जाणे म्हणजे आपलाच पुरावा खोटा पाडण्यासारखे त्याला वाटते. त्यातच १९८० च्या कायदा-दुरुस्तीनंतर फेरतपासणीचा सपाटा लागून असंख्य लोकांचे पेन्शन बंद झाले. त्यात मानसिक रुग्णांचे प्रमाण विशेष होते. १९८४ साली नवा कायदा करून ही चूक सुधारावी लागली. तेव्हा पेन्शन जाण्याची भीती त्यांच्या मनाचा खेळ नव्हती, त्यांनी ती पाहिलेली होती.

आता कामाची बाजू. जुनी पद्धत अशी की, रुग्णाला आधी केंद्रात आणायचे, मेणबत्त्या, पाकिटे, शिवणकाम असे काहीतरी शिकवायचे, वेळेवर येण्याची सवय लावायची आणि तयार झाला की बाहेर पाठवायचे. अडचण अशी की बहुतेक जण केंद्रातच राहत. तयारी कधी पूर्ण झाली हे ठरवणार कोण? हे वाचताना मला आपल्याकडच्या कित्येक संस्थांतील पाकिटांचे ढीग आठवले.

१९८० च्या दशकात बौद्धिक अक्षमता असणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत अमेरिकेत उलट क्रम वापरून पाहण्यात आला. आधी नोकरी, मग नोकरीच्या जागीच शिकवणे. १९८६ च्या पुनर्वसन कायद्यातील दुरुस्तीने या 'आधारासह रोजगारा'ला मान्यता दिली. (बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी होत. आपल्याकडे सुशिक्षितही त्यांची गल्लत करतात.) मानसिक आजारासाठी तोच क्रम न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या आसपास बसवला. त्याचे नाव 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट', संक्षेपाने आयपीएस. आपल्याकडे आयपीएस म्हटले की पोलीस अधीक्षक डोळ्यांसमोर येतो, त्याचा इथे संबंध नाही.

या पद्धतीचे मर्म असे की, ज्याला काम करायचे आहे त्याला घ्यायचे, एवढी एकच पात्रता. लक्षणे अजून आहेत, मध्यंतरी दाखल व्हावे लागले होते, दारूचे व्यसन आहे, या कारणांसाठी नाकारायचे नाही. काम खऱ्या बाजारातले हवे, इतरांना मिळते तीच मजुरी हवी. संस्थेने स्वतः उघडलेली कार्यशाळा यात बसत नाही. प्रत्येक गटासाठी रोजगार कार्यकर्ता असतो आणि त्याच्याकडे एका वेळी वीसपेक्षा जास्त माणसे देत नाहीत. तो डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ता यांच्याच चमूत बसतो. गोळीमुळे सकाळी झोप जड राहत असेल, तर तो डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ बदलून घेऊ शकतो किंवा दुपारच्या पाळीचे काम शोधतो. महिनाभराच्या आत मालकांशी प्रत्यक्ष बोलणे सुरू व्हावे अशी अपेक्षा असते.

मालकांशी बोलण्याची रीत मला विशेष आवडली. पहिल्या खेपेला कार्यकर्ता केवळ वेळ मागून घेतो. दुसऱ्या खेपेला मालकाला कसली माणसे लागतात, कुठे अडते, ते ऐकून घेतो. त्या भेटीत कोणाचेही नाव काढत नाही. जुळेल असा माणूस असेल तरच तिसऱ्या खेपेला त्याच्याविषयी बोलतो. आजार सांगायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. नोकरी लागल्यावर आधार संपत नाही. नोकरी सुटली तर ते अपयश धरत नाहीत. यातून काय कळले ते विचारून पुढची शोधू लागतात. आपल्यापैकी किती जणांची पहिली नोकरी टिकली?

ही पद्धत चालते का, याचे उत्तर प्रयोगांनी दिले आहे. १९९६ साली न्यू हॅम्पशायरमधील १४३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'आधी शिक्षण'वाल्या गटापेक्षा 'आधी नोकरी'वाल्या गटाला अधिक नोकऱ्या मिळाल्या. लंडन, उल्म, रिमिनी, झुरिच, ग्रोनिंगेन आणि सोफिया या युरोपातील सहा शहरांत ३१२ रुग्णांवर तोच प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००७ साली आला. नव्या पद्धतीत ५५ टक्क्यांनी निदान काही दिवस काम केले, जुन्या पद्धतीत २८ टक्क्यांनी. निरनिराळे देश, निरनिराळे कायदे, तरी फरक तसाच.

पण पेन्शनधारकांचे काय? तो प्रश्न अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनानेच हाती घेतला. २००६ ते २०१० या काळात २३ ठिकाणच्या २,२३८ पेन्शनधारकांवर अभ्यास झाला. सर्वांना स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र मूड-विकार होता. निम्म्यांना वरील पद्धतीची मदत, औषधांची नीट देखरेख आणि उपचारांचा खर्च मिळाला. शिवाय तीन वर्षे त्यांच्या पेन्शनची वैद्यकीय फेरतपासणी होणार नाही असे लेखी आश्वासन होते. दोन वर्षांत या गटातील ६०.३ टक्के लोकांनी नोकरी केली, दुसऱ्या गटातील ४०.२ टक्क्यांनी. मानसिक स्वास्थ्य आणि जीवनमानही सुधारलेले दिसले. मात्र पेन्शन सोडून पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभे राहणारे फार थोडे निघाले. सरकारचा खर्च लगेच वाचेल अशी ज्यांची आशा होती ते निराश झाले. माझ्या मते ही आशाच चुकीची होती. माणसाने अर्धे काम आणि अर्धे पेन्शन यावर जगणे यात वाईट काय?

आता हिशेब, कारण बँकेचा माणूस हिशेबाशिवाय लेख संपवू शकत नाही. विमा पेन्शनवाल्याला नऊ महिने चाचणीचे मिळतात. या महिन्यांत कितीही कमावले तरी पेन्शन पूर्ण. हे महिने सलग असण्याची गरज नाही, साठ महिन्यांच्या अवधीत ते मोजतात. त्यानंतर ३६ महिने अशी सोय आहे की, ज्या महिन्यात कमाई मर्यादेखाली घसरेल त्या महिन्याचे पेन्शन नव्या अर्जाशिवाय मिळते. २०२४ साली ही मर्यादा दरमहा १,५५० डॉलर होती. म्हणजे चाचणीचा आणि सवलतीचा काळ संपल्यावर १,५४० डॉलर मिळवणाऱ्याचे पेन्शन पूर्ण आणि १,५६० वाल्याचे शून्य. हा कडेलोट आहे आणि लोक कडेपासून लांब राहतात, कमी तास काम करतात. वृद्ध-अपंगांचा आरोग्य विमा मात्र चाचणीनंतर किमान ९३ महिने चालू राहतो. औषध बंद झाले तर नोकरीही जाणार, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

पूरक उत्पन्न योजनेत कडा नाही, उतार आहे. २०२४ साली एकट्या व्यक्तीला केंद्राकडून दरमहा ९४३ डॉलर मिळत. समजा, त्याने ४८५ डॉलर कमावले. पहिले ८५ सोडून देतात, राहिले ४००. त्यातील निम्मे, म्हणजे २००, पेन्शनमधून कापतात. पेन्शन ७४३ आणि मजुरी ४८५, एकूण १,२२८. काम केल्याने तो २८५ डॉलरनी वर राहिला. हा हिशेब कागदावर मांडून दाखवणे हेच पेन्शन सल्लागाराचे काम, आणि वरील पद्धतीत ते नोकरी शोधण्याइतकेच महत्त्वाचे मानतात.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मानसिक आजाराचे नाव होते, पण नोकरीतील तीन टक्के आरक्षणात त्याला जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के ठेवले. त्यातील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. जागा कागदावर आली. पण मालकाकडे तीन खेपा घालणारा आणि नोकरी लागल्यावर पाठीशी राहणारा माणूस या कायद्याने आलेला नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मनोरुग्ण अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. अट अशी की, त्याला स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसावा. पण 'चरितार्थ' किती रुपयांचा, हे नियमातच दिलेले होते. २०१३ साली ती मर्यादा दरमहा ३,५०० रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता अशी होती. झेरॉक्सच्या दुकानातले दोन हजार तिच्यापेक्षा कितीतरी कमी होते. फेब्रुवारी २०२१ पासून दिव्यांग अपत्यासाठी मर्यादा आणखी वाढली. मृत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, अधिक महागाई भत्ता, यापेक्षा इतर उत्पन्न कमी असले म्हणजे झाले. शेवटचे वेतन ४०,००० असेल तर १२,००० रुपये आणि वर भत्ता.

गेल्या नोव्हेंबरात त्या हयातीचा दाखला द्यायला आल्या. मी त्यांना बाजूला बसवून हा हिशेब लिहून दाखवला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मग तेव्हा पण चाललं असतं?" मी होय म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे, दुकानही राहिलेले नाही. दिव्यांग अपत्याचे नाव पेन्शन आदेशात आईवडिलांच्या हयातीतच नोंदवून ठेवता येते, त्यासाठीचा अर्ज त्या दिवशी मी भरून दिला. मुलगा घरी गच्चीवरच्या कुंड्या सांभाळतो असे त्यांनी जाताना सांगितले. जवळच्या एका रोपवाटिकेत विचारून येतो असे मी म्हणालो आहे. पहिली खेप झाली, नुसती वेळ मागून आलो.