जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनाची तयारी ऑक्टोबरात

पुष्पप्रदर्शनांना गर्दी लोटते ती जानेवारी-फेब्रुवारीत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले प्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिकेचे प्रदर्शन त्याच सुमाराला किंवा थोडे पुढे असते. आपल्यातले बरेच रोपवाटिकावाले आणि फुलशेती करणारे तेव्हा तिथे जातात, पिटुनियाच्या ओसंडणाऱ्या कुंड्यांपुढे फोटो काढतात, वाणाचे नाव टिपतात आणि घरी येऊन बी मागवतात. फेब्रुवारीत पेरलेले ते बी फुलावर येते तेव्हा डोक्यावर एप्रिल-मेचे ऊन असते. यंदा उलटे करा. दसरा आणि दिवाळीच्या मधला एखादा कामाचा दिवस काढून बागेत जा. ताटवे रिकामे दिसतील, फोटो काढण्याजोगे फारसे काही नसेल. पण गादीवाफे, रोपांचे ट्रे, मातीचे ढीग, नुकतेच छाटलेले गुलाब हे सगळे याच दिवसांत डोळ्यांपुढे असते, आणि माळ्यालाही दोन शब्द बोलायला उसंत असते. प्रदर्शनाच्या गर्दीत त्याला ती मिळत नाही.

त्याला विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. बी कोणत्या तारखेला टाकले, रोप किती पानांवर हलवले, कुंडीत माती-खत किती मापाने भरले, बुरशीनाशक कधी दिले. उत्तरे वहीत तारखेसकट लिहा. आपल्याकडच्या हवेत मुरलेल्या हातांनी दिलेली तारीख बियांच्या पाकिटावर छापलेल्या तारखेपेक्षा भरवशाची असते. पाकिटावरचे वेळापत्रक बहुधा थंड देशातले असते. तीच गत परदेशी बागांच्या व्हिडिओंची. लंडनच्या क्यू गार्डनसारख्या बागांत ऑक्टोबरात पानगळ सुरू असते, पाने गोळा करून कुजवण्याच्या आणि ट्यूलिप-डॅफोडिलचे कांदे लावण्याच्या कार्यशाळा होतात. आपली पानगळ माघ-फाल्गुनात. ट्यूलिपला लागते तशी लांबलचक थंडी पुण्या-नाशकातही पडत नाही. ते कांदे मागवण्यात पैसे घालू नका. त्याच पैशात ग्लॅडिओलसचे चांगले कंद येतील.

तारखा मागे मोजा

प्रदर्शन किंवा लग्नसराईची तारीख धरून मागे मोजत या. पिटुनिया, डायँथस, डॉगफ्लॉवर यांना पेरणीपासून फुलापर्यंत साधारण अडीच ते तीन महिने लागतात, पॅन्सीला त्याहून थोडे अधिक. म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कुंडी भरगच्च हवी असेल तर बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाफ्यात पडलेले हवे. झिनिया आणि झेंडू दोन-सव्वादोन महिन्यांत येतात, त्यांना नोव्हेंबरचा मध्य चालतो. नॅस्टर्शियम, लार्कस्पर आणि स्वीट पी यांची रोपे हलवलेली मानवत नाहीत. त्यांचे बी थेट जागेवर टाका, स्वीट पीचे रात्रभर भिजवून.

पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते. ते चाळलेल्या कोरड्या वाळूत मिसळून ट्रेच्या पृष्ठभागावर भुरभुरवा आणि वरून माती लोटू नका, कारण या बियांना उगवायला उजेड लागतो. पाणी झारीने ओतण्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्या. अनेकांचे बी उगवत नाही ते इथेच: पहिल्याच झारीने ते एका कोपऱ्यात वाहून गेलेले असते.

दुसरे संकट परतीच्या पावसाचे. ऑक्टोबरात दुपारी ऊन भाजते आणि संध्याकाळी विजांसह सर कोसळते. अशा दमट उष्ण हवेत रोपांची बुडे कुजून ती कोलमडतात. वाफा जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटर उंच ठेवा, पेरणीआधी शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून घाला, बी ओळीत आणि विरळ टाका. कोलमड दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2.5 ते 3 ग्रॅम या मापाने वाफ्यात ओता. पण ट्रायकोडर्मा घातलेल्या वाफ्यात हे लगेच ओतले तर ती उपयोगी बुरशीही मरते. दोन्हींत अंतर ठेवा.

सुट्ट्या फुलांच्या बाजारासाठी पीक घेणाऱ्यांनी ॲस्टरकडे लक्ष द्यावे. दिवाळी उलटली की झेंडूचा भाव बसतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारांपुरता बाजार थोडा हलतो, पुढे लग्नाच्या तिथी. ऑक्टोबरात पेरलेला ॲस्टर जानेवारी-फेब्रुवारीत तोडणीला येतो. फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश पर्पल, फुले गणेश व्हायोलेट हे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. नावातला गणेश पुण्याच्या गणेशखिंड केंद्राचा. ॲस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते. गेल्या वर्षीची शिल्लक पुडी वापरायचीच असेल तर शंभर बिया ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते आधी बघा.

ग्लॅडिओलसचे कंद ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात लावा. वाणानुसार 60 ते 90 दिवसांत दांडे येतात. सगळे कंद एका दिवशी लावू नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन हप्ते केले तर सगळा माल एकाच आठवड्यात बाजारात ओतावा लागत नाही.

गुलाब आणि शेवंती

गुलाबाची मोठी छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करतात. बागेत ती होताना बघण्यासाठीच एक खेप करावी, कारण पुस्तकात वाचून छाटणीचा धीर येत नाही. शिकाऊ माणूस नुसते शेंडे खुडतो. जाणता माळी वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या मुळापासून काढतो, खुंटावरून फुटलेले फुटवे निपटतो आणि चार-पाच जोमदार काड्याच राखतो. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर अर्धा सेंटिमीटर सोडून, तिरका. कापाला लगेच बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नका, प्लॅस्टिकची घ्या.

छाटणीपासून फूल उमलायला साधारण 45 ते 50 दिवस जातात. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेला गुलाब डिसेंबरच्या सुरुवातीला फुलतो. प्रदर्शनाला हे फूल लवकर होते. म्हणून तो बहर ओसरताच, डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत, फुललेली काडी पाच पानांच्या पानापर्यंत पुन्हा हलकी छाटतात. पुढचा बहर जानेवारीच्या अखेरीस येतो. थंडी कडक असेल तर आणखी चार-सहा दिवस धरा. खुल्या शेतातल्या गुलाबालाही हाच हिशेब लागू आहे, फक्त तिथे तारीख प्रदर्शनाऐवजी लग्नाच्या मुहूर्तांची.

शेवंतीचा शेंडा खुडण्याची वेळ मात्र गेली. ऑगस्टनंतर खुडत राहिलात तर कळ्याच खुडल्या जातील. ऑक्टोबरात काठीचा आधार द्या, मोठे फूल हवे असेल तर बाजूच्या कळ्या बारीक असतानाच काढा, कळीला रंग दिसला की युरिया बंद. मावा शेंड्यावर आणि कळीच्या देठाशी बसतो, रोज सकाळी तिथे नजर टाका. आणि एक गोष्ट शहरातल्या गच्चीवाल्यांसाठी. शेवंती रात्र लांबली की कळ्या धरते. रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा जिन्यातल्या रात्रभर जळणाऱ्या ट्यूबलाइटपाशी ठेवलेली कुंडी हिरवीगार राहते, पण फुलावर येत नाही. तिला अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा, मग खत कमी पडले का याचा विचार करा.

कोणत्या कार्यशाळेला जावे

सार्वजनिक उद्यानांतून, कृषी महाविद्यालयांतून आणि कृषी विज्ञान केंद्रांतून या काळात लहान-मोठी प्रशिक्षणे होतात. मुंबईत प्रदर्शनाला जोडून उद्यानविद्येची कार्यशाळा घेतात. नागपूरचा महाराजबाग तर कृषी महाविद्यालयाच्याच ताब्यात आहे, विदर्भातल्या मंडळींनी तिथे चौकशी करावी. नाव नोंदवण्यापूर्वी एवढेच विचारा: हाताला काम मिळणार, की पडद्यावर चित्रे? तीन तास व्याख्यान ऐकून डोळा भरता येत नाही. वीस काड्यांवर स्वतः चाकू चालवला, त्यातल्या बारा वाया गेल्या, की हात बसू लागतो.

विषयही हंगाम बघून निवडा. गुटी कलम पावसाळ्यातले काम आहे. ऑक्टोबरातल्या कार्यशाळेत ते दाखवतील, पण घरी येऊन करायला हवेतला ओलावा उरलेला नसतो. ते शिकायचे तर जूनमध्ये जा. याउलट संत्रा-मोसंबीच्या खुंटावर डोळा बांधणे आणि गुलाबाचे डोळे भरणे ही कामे पुढच्या थंडीतली आहेत. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिकून घेतली की लगेच करून बघता येतात. बोन्सायच्या वर्गांना हल्ली फार मागणी आहे, छंद म्हणून छान. पण रोपवाटिकेतून उत्पन्न वाढवू पाहणाऱ्याने आधी मातीचे मिश्रण आणि रोग ओळखणे शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंड्यांतली निम्मी मर ही निचरा न होणाऱ्या मातीची असते आणि तिच्यावर औषधे मारून पैसे जातात.

वनस्पती उद्यानाचा एक उपयोग शेतकरी अजून पुरेसा करून घेत नाहीत: ओळख पटवणे. पावसाळा संपताना गवते आणि तणे फुलोऱ्यावर, बीवर असतात. याच काळात ती नेमकी ओळखता येतात, एरवी नुसत्या पानांवरून जाणकारही चाचपडतो. शेतात नवे तण दिसले तर फूल, फळ आणि शक्यतो मुळासकट उपटून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलेला नमुना ऑक्टोबरच्या उकाड्यात पोहोचेपर्यंत लगदा होतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पती, विशेषतः कंदीलपुष्पाच्या जाती, जपण्यासाठी नावाजलेले आहे. तिथे गेलात तर अशा वनस्पतींची जागा आणि माती बघून घ्या. डोंगरावरून कंद उकरून आणून रोपवाटिकेत विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

फळझाडे लावणाऱ्यांसाठी गणेशखिंडची बाग वेगळीच. 1873 मध्ये वनस्पती उद्यान म्हणून सुरू झालेली ही बाग पुढे फळ संशोधनाचे केंद्र बनली आणि 2020 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला लखनौ-49, म्हणजेच सरदार पेरू, डॉ. चीमा यांनी 1927 च्या सुमारास इथेच रोपांमधून निवडला. चीमा साहेबी द्राक्षही इथलेच. अशा ठिकाणी परवानगी घेऊन जा आणि कलम ज्यावरून घेतात ते मातृवृक्ष बघा. मृग बहराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात झाडावर असतात, तेव्हा फळाचा आकार, बियांचे प्रमाण, फांदीची ठेवण हे सगळे समोर दिसते. पुढच्या जूनमधल्या लागवडीसाठी कलमांची मागणी त्याच वेळी नोंदवावी. जून उजाडल्यावर जी कलमे शिल्लक राहतात ती कोणत्या झाडावरची आहेत हे रस्त्याकडेच्या विक्रेत्यालाही सांगता येत नाही.

आणि हो, चोरून आणलेली फांदी जास्त जोमाने वाढते हा समज मनीप्लांटपुरताच राहू द्या. सार्वजनिक बागेतून गुपचूप मोडलेल्या फांदीबरोबर पिठ्या ढेकूण घरी येतो आणि पुढची दोन वर्षे जास्वंदीवरून हटत नाही. फांदी हवी असेल तर मागून घ्या. आणलेले कोणतेही रोप पंधरा दिवस बाकीच्या रोपांपासून दूर ठेवा.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या बागायतदारांनी वरच्या तारखा दहा-पंधरा दिवस पुढे सरकवाव्यात. तिथे पॅन्सीच्या मागे लागू नये, रात्री तेवढ्या गार होत नाहीत. झेंडू, झिनिया, कोंबडा, बटनफूल यांवर भर द्यावा. नागपूर-अमरावतीकडे डेलिया उत्तम होतो. कंद किंवा कलमे ऑक्टोबरात लावा आणि डिसेंबरात दव पडू लागले की पानांवर भुरी येते का बघा. भुरी दिसताच पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर. दुपारच्या उन्हात फवारले तर पाने करपतात.

ज्यांना प्रदर्शनात कुंडी किंवा फुले मांडायची आहेत त्यांनी स्पर्धेचे नियमपत्रक निघताच मिळवावे: कुंडीचा व्यास किती, एका कुंडीत रोपे किती, गुलाबाच्या देठाची लांबी, नोंदणीची शेवटची तारीख. गुणवत्तेत सरस कुंडी चुकीच्या गटात मांडली म्हणून बाद होते. कुंड्यांना आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या, निघताना देऊ नका, टेम्पोत चिखल होऊन माती सरकते. गुलाब अर्धवट उमललेला असताना पहाटे कापा, कापताक्षणी देठ मानेपर्यंत पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बादली रात्रभर गार, अंधाऱ्या खोलीत ठेवा. म्हणजे फुले एक दिवस आधीच कापायची.